सूट कागदाला, अंगाला नव्हे

(सामुदायिक रेडिओवरून महिला बचत गटांसाठी झालेलं हे बोलणं. छापताना थोडं नीट केलं आहे.)

शिवाजी पेठेतून तुमची ताई बोलतेय. धारा काढून, पोरांचे डबे भरून कुणी निवांत बसली असेल, कुणी रेडिओ चुलीजवळ ठेवून भाकरी थापत ऐकत असेल. हात चालू राहू देत, कान मात्र इकडं द्या. आजचा विषय गटाच्या पैशाचा आहे आणि आपल्या अंगाचाही आहे.

गेल्या महिन्यात रंकाळा स्टँडवरून सकाळची एसटी धरून राधानगरी तालुक्यातल्या एका गावात बैठकीला गेले होते. बचत गोळा झाली, वही लिहून झाली, आणि गटाच्या अध्यक्ष काकींनी एक रंगीत पत्रक माझ्यापुढं ठेवलं. सॅनिटरी पॅड बनवायचं मशीन. विकणारा माणूस गावात येऊन गेला होता. त्यानं सांगितलं होतं, "बचत गटाला ह्याला लायसन लागत नाही. आज मशीन बसवा, उद्यापासून माल काढा."

काकी म्हणाल्या, "ताई, कर्ज मिळतंय, खोली हाय, बायका हायत. करू की सुरू?"

मी "करा" म्हणाले नाही आणि "नको" असंही म्हणाले नाही. मला आमच्याच गटाची एक जुनी चूक आठवली. ती मी त्या बैठकीत सांगितली, आणि आज तुम्हालाही सांगते.

स्टिकरची गोष्ट

२०२० सालचा उन्हाळा आठवा. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली. मास्क कुठं मिळेना, मिळाला तर परवडेना. त्याच सुमारास केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं घरी मास्क कसा शिवायचा याची पुस्तिका काढली. सुती कापड, नाड्या, धुवायची रीत, सगळं त्यात होतं. राज्यभर बचत गटांनी शिलाई मशिनी पुढं ओढल्या. आमच्या पेठेतल्या गटानंही ओढल्या. चांगलं काम होतं, आजही त्याचा अभिमान आहे.

आरोग्य मंत्रालयाच्या एप्रिलमधल्या सूचनेत एक गोष्ट स्पष्ट लिहिली होती. हे घरगुती आवरण सर्वसाधारण माणसांसाठी आहे. रुग्णांजवळ काम करणाऱ्यांसाठी आणि स्वतः रुग्णांसाठी ते नाही. ही ओळ आमच्यापैकी कुणीही वाचली नव्हती.

मग एक व्यापारी आला. बाजारच्या पिशव्यांचं असतं तसलं न विणलेलं कापड घेऊन आला, आणि सोबत स्टिकरांचे कागद. स्टिकरवर लिहिलं होतं एन-९५. दोनशे मास्कांची ऑर्डर होती आणि मजुरी सुती मास्कापेक्षा बरी होती. आमच्यातल्या एका मावशींनी विचारलं, "ताई, ह्या आकड्याचा अर्थ काय गं?" मी बीए झालेली, गटाची वही लिहिणारी. "माहीत नाही, विचारून सांगते" एवढं म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणाले, "चांगल्या मास्काला म्हणतात तसं." दोनशे मास्क स्टिकर लावून गेले.

पंधरा दिवसांनी आमच्या एका सदस्याची जाऊ भेटली. ती आशाताई. म्हणाली, "तुमच्याच गटाचा मास्क घातलावता बघा. एन-९५ हाय म्हटल्यावर धीर केला आणि खोकणाऱ्या माणसाच्या खोलीत गेलो."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. त्या रात्री ओळखीच्या औषध दुकानदाराला फोन केला, तेव्हा अर्थ कळला. एन-९५ म्हणजे चाचणीत हवेतले अतिसूक्ष्म कण शंभरातले निदान पंच्याण्णव अडवणारा मास्क. त्याच्या आतला थर वेगळ्या पद्धतीनं बनवलेला असतो. त्यावर विजेचा भार असतो, म्हणून बारीक कण त्याला चिकटतात. शिवाय तो चेहऱ्याला कडेनं घट्ट बसावा लागतो. पिशवीच्या कापडात तो थर नव्हता, आणि आमच्या शिवणीत ती घट्ट कड नव्हती.

तिला काही झालं नाही, हे तिचं नशीब. आमच्या शिवणीला त्याचं काही श्रेय नाही. उरलेले स्टिकर आम्ही फाडून टाकले. पण गेलेले दोनशे मास्क? ते कुणाकुणाकडं गेले, त्याची वही आम्ही ठेवलीच नव्हती. एकही परत आणता आला नाही.

कापड होतं तसं होतं, शिवण सरळ होती. घात केला तो स्टिकरनं. साध्या मास्कावर साधा मास्क असं लिहिलं असतं, तर ती आशाताई त्या खोलीत गेली नसती.

घरचं म्हणजे वाईट नव्हे

मग आपण आरोग्याच्या वस्तू बनवायच्याच नाहीत का? असं मी म्हणणार नाही. हे कोल्हापूर आहे. इथंच बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला. उद्यमनगरात आजही मोडलेला भाग दाखवला की लेथवर तसाच दुसरा करून देतात. करून बघायची खोड आपल्या मातीत आहे. फक्त कॅमेरा बिघडला तर चित्र बिघडतं, अंगाला लागणारी वस्तू बिघडली तर माणूस बिघडतं. एवढा फरक लक्षात ठेवून बनवायचं.

असं बनवता येतं याचं एक उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था आहे. साधारण १९९०च्या आसपासची गोष्ट. तिथं लहान मुलं न्यूमोनियानं दगावत होती आणि दवाखाना लांब होता. न्यूमोनिया ओळखायची एक सोपी खूण आहे, ती म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त असेल, तर तो धोका समजायचा. पण गावातल्या दाईला एवढं मोजता येत नव्हतं, आणि हातात घड्याळ नव्हतं.

मग त्यांनी एक साधं साधन बनवलं. एका मिनिटात रिकामं होणारं वाळूचं घड्याळ आणि त्याला जोडून मण्यांच्या ओळी. लहान बाळासाठी एक ओळ, मोठ्या मुलासाठी दुसरी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर श्वास जलद आहे. दाईला दहापर्यंत मोजता आलं की पुरे. लाखाचं यंत्र नाही, वीज नाही, पण काम चोख.

मला त्या मण्यांपेक्षा त्यांची पद्धत जास्त शिकवून गेली. ते साधन एकाच प्रश्नाचं उत्तर देत होतं, श्वास जलद आहे की नाही. त्यापलीकडं ते काही सांगायला जात नव्हतं. वापरणाऱ्यांचं मोजणं बरोबर येतं का, हे आधी पडताळून पाहिलं. दाईंना शिकवलं. लाल मणी आला तर पुढं काय करायचं, हेही ठरलेलं होतं. हे सगळं लिहून इतर डॉक्टरांपुढं मांडलं. घरगुती वस्तू भरवशाची होते ती अशी.

चार प्रश्न

या दोन गोष्टी शेजारी ठेवून मी गटांसाठी चार प्रश्न काढले आहेत. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पहिला प्रश्न. ही वस्तू अंगाला कुठं लागते? धडधाकट कातडीला, नाजूक जागेला, जखमेला की थेट रक्ताला? जितकं आत, तितकी जबाबदारी जास्त.

दुसरा प्रश्न. ही बिघडली तर काय होईल, आणि ते आपल्याला कळेल का? पापड जळला तर दिसतो. पॅडमध्ये बुरशी असली, तर डोळ्याला दिसेलच असं नाही.

तिसरा प्रश्न. आपण ती तपासली कशी? "आम्ही वापरून बघितली, काही झालं नाही" ही तपासणी नव्हे. चार जणींना काही झालं नाही म्हणून चारशे जणींना होणार नाही, असं कसं म्हणणार?

चौथा प्रश्न. तक्रार आली तर माल परत मागवता येईल का? कुठला माल कुणाला दिला, ते लिहिलेलं आहे का?

आमच्या एन-९५ मास्काला हे प्रश्न लावा. पहिला सोडला तर तिन्हींत नापास. मण्यांच्या साधनाला लावा. ते कातडीलासुद्धा लागत नाही, तरी तपासलेलं आहे.

कायद्याची शिडी

सरकारचा कायदाही याच विचारावर उभा आहे. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ सालचे, आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यात उपकरणांचे धोक्याप्रमाणे चार वर्ग आहेत, ए, बी, सी आणि डी. शिडीच्या चार पायऱ्या समजा. खालच्या पायरीवर कापूस, पट्टी अशा वस्तू. त्याच्यावर तापमापी, बीपीचं मशीन. तिसऱ्या पायरीवर शरीरात बसवायच्या कितीतरी वस्तू. सगळ्यात वर हृदयाची झडप. खालच्या दोन पायऱ्यांवरच्या वस्तू बनवायचा परवाना राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं, वरच्या दोन पायऱ्यांचा केंद्राकडून मिळतो. अगदी साध्या, निर्जंतुक नसलेल्या आणि काही मोजमाप न करणाऱ्या ए वर्गातल्या वस्तूंना परवान्याऐवजी नोंदणी पुरते.

पूर्वी मोजक्याच उपकरणांवर लक्ष होतं. १ एप्रिल २०२० पासून सगळीच उपकरणं औषधाच्या कायद्याखाली आली, आणि परवान्याची सक्ती टप्प्याटप्प्यानं लागू झाली. म्हणजे उद्या एखाद्या गटानं जखमेवर बांधायची पट्टी बनवून "निर्जंतुक" असं छापून विकली, तर तो गृहउद्योग राहत नाही. ते परवान्याचं काम झालं.

पॅडचं काय?

आता काकींच्या पत्रकाकडं येऊ. पॅडसाठी आपल्याला जवळचा असलेला आदेश वस्त्रोद्योग मंत्रालयाचा आहे, वैद्यकीय कापडाच्या गुणवत्तेचा. तो १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. सॅनिटरी पॅड, बाळाचे डायपर, धुऊन वापरायचे पॅड अशा वस्तू भारतीय मानक ब्युरोच्या मानकाप्रमाणंच असल्या पाहिजेत, असं तो सांगतो. लहान उद्योगांना त्यात जादा मुदत दिली गेली आणि बचत गटांना सक्तीतून सूट मिळाली.

म्हणजे मशीन विकणारा खोटं बोलत नव्हता. सूट आहे. तरी कर्ज घ्यायच्या आधी जिल्हा उद्योग केंद्रात आणि मानक ब्युरोकडं आजची स्थिती विचारून घ्या, कारण असे आदेश बदलतात, मुदती सरकतात.

पण ही सूट कशातून आहे, ते नीट समजून घ्या. आयएसआय मार्क घेण्याच्या सक्तीतून ती सूट आहे. त्या मार्कासाठी खर्च येतो, कागद लागतात, लहान गट त्यात बुडू नये म्हणून दिली आहे. गटानं बनवलेला पॅड आपोआप स्वच्छ होतो, असं सरकारनं कुठंही म्हटलेलं नाही. बाईच्या अंगाला तो पॅड कंपनीचा की गटाचा, हे कळत नाही.

मानक म्हणजे तरी काय? एकदा वापरून टाकायच्या पॅडचं मानक आहे आयएस ५४०५. ते २०१९ साली सुधारलं. धुऊन वापरायच्या पॅडचं आहे आयएस १७५१४, ते २०२१ चं. त्यात बघतात ते साधंच असतं. पॅड किती ओल शोषतो, बाजूनं किंवा खालून गळतो का, आतला माल फार आम्ल किंवा फार क्षार तर नाही, आणि जंतू व बुरशी मर्यादेच्या आत आहेत का. शेवटच्या दोन गोष्टी प्रयोगशाळेशिवाय कळत नाहीत. पहिल्या दोन आपण आपल्या खोलीत रोज बघू शकतो. ठरावीक माप रंगीत पाणी हळूहळू ओतायचं, वर वजन ठेवायचं, खाली पांढरा कागद.

पॅडच्या गृहउद्योगाचं नाव निघालं की कोईमतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांचं नाव येतंच. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्यावर सिनेमे निघाले. लोक त्यांच्या मशिनीची गोष्ट सांगतात. मी त्यांच्या तपासणीची सांगते. त्यांचा कापसाचा पॅड गळायचा. कुणी वापरून सांगेना, तेव्हा त्यांनी फुटबॉलच्या रबरी पिशवीत बकऱ्याचं रक्त भरून ती कमरेला बांधली आणि स्वतः पॅड लावून फिरले. कंपनीच्या पॅडमध्ये कापूस नसून लाकडाचा लगदा असतो, हे शोधून काढायला त्यांची काही वर्षं गेली. मशीन आलं ते त्यानंतर. आपल्याला तयार मशीन मिळतं, पण तपासणी तयार मिळत नाही. ती आपणच करायची.

खोलीत काय सांभाळायचं

पहिली गोष्ट ओल. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी या भागात पावसाळ्यात भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. लगदा ओल ओढून घेतो आणि ओलीत बुरशी येते. लगद्याचे गठ्ठे जमिनीवर ठेवू नका, भिंतीला टेकवू नका, उघडलेला गठ्ठा गुंडाळून बंद करा. उंदीर येत असतील तर ती खोली या कामाची नव्हे. जोराच्या पावसात काम बंद ठेवावं लागलं तर ठेवा, आणि कर्जाचा हप्ता ठरवताना ते महिने धरूनच हिशोब करा.

दुसरी गोष्ट हात. साबणानं धुवायचे, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. काकणं हा नाजूक विषय आहे, मला माहीत आहे. पण काचेची कपरी लगद्यात गेली तर दिसत नाही. लांब बाहीचा झगा घालून काकणं त्याच्या आत झाकून घ्या, वर हातमोजे घाला. खोकला, जुलाब किंवा हाताला जखम असेल त्या दिवशी त्या बाईनं हिशोबाचं काम करावं.

तिसरी गोष्ट तो निळा दिवा. या मशिनीबरोबर एक पेटी येते, त्यात अतिनील किरणांची नळी असते. पत्रकावर लिहिलेलं असतं, "पॅड निर्जंतुक होतो." मैत्रिणींनो, हा प्रकाश जिथं थेट पडतो तिथलेच जंतू मारतो. पॅडच्या पोटात तो पोहोचत नाही. एकावर एक पॅड रचले तर खालच्याला तो लागतच नाही. नळीवर धूळ बसली की जोर कमी होतो, आणि जुनी झालेली नळी निळी दिसत राहते पण तिचा जोर गेलेला असतो. तिच्याकडं उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही, डोळ्यांना इजा होते. दिवा वापरा, पण तो हात धुण्याला, कोरड्या खोलीला पर्याय नव्हे.

चौथी गोष्ट पाकिटावरचे शब्द. "निर्जंतुक" लिहू नका. "दवाखान्यासाठी" लिहू नका. "खाज-पुरळ घालवतो", "आजार होत नाही" असलं काही लिहू नका. बाळंतिणीसाठी म्हणून विकू नका. बाळंतपणानंतर टाके असतात, आत गर्भाशयात ओली जखम असते, तिथं काय वापरायचं ते नर्सताई सांगतील. पाकिटावर गटाचं नाव, गाव, बनवल्याची तारीख आणि घाणीचा नंबर लिहा. घाणी म्हणजे एकाच दिवशी, एकाच गठ्ठ्यातून काढलेला माल.

पाचवी गोष्ट वही. प्रत्येक घाणीतले दोन-चार पॅड बाजूला ठेवून द्या. कुठली घाणी कुठल्या दुकानात, कुठल्या शाळेत गेली, ते लिहा. एका जरी बाईनं खाज, पुरळ, जळजळ सांगितली, तर ती घाणी विकणं थांबवा, गेलेली परत आणा आणि त्या बाईला आरोग्य केंद्रात पाठवा. "तिलाच काहीतरी असंल" असं म्हणून सोडू नका.

सहावी गोष्ट प्रयोगशाळा. विक्रीच्या आधी नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा, आणि पुढंही ठरावीक काळानं पाठवत राहा. आपल्या जवळच इचलकरंजीत डीकेटीई संस्थेत न विणलेल्या कापडाचं मोठं केंद्र आहे. कुठली चाचणी कुठं होते, खर्च किती, हे तिथं विचारता येईल. तो खर्च पॅडच्या किमतीत धरा. धरून परवडत नसेल, तर धंदाच परवडत नाही असं समजा.

धुऊन वापरायचे कापडी पॅड शिवणं गटाला सोपं जातं, हे खरं. पण त्यांचा धोका विकल्यानंतर सुरू होतो. आपल्याकडं मासिक पाळीचं कापड साडीखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात वाळवतात. अर्धवट वाळलेलं कापड पुन्हा वापरलं की त्रास होतो. म्हणून असा पॅड विकताना सांगणंही विकायचं. साबणानं धुवा, उन्हात उघडा वाळवा, पूर्ण कोरडा झाल्याशिवाय घेऊ नका. जिला ऊन आणि आडोसा मिळत नाही, तिला हा पॅड खपवू नका.

वस्तू खरी, वापर भलताच

एक गोष्ट थोडक्यात सांगते, कारण घराघरांत आता यंत्रं आली आहेत. कधी वस्तू चांगली असते, पण तिचा वापर भलताच होतो. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजन मिळत नव्हता, तेव्हा एक व्हिडिओ फिरला होता की वाफेचं नेब्युलायझर ऑक्सिजनऐवजी चालतं. तसं होत नाही. नेब्युलायझर औषधाचे बारीक तुषार करून फुप्फुसात सोडतं, ते ऑक्सिजन बनवत नाही. त्यावर विसंबून कुणी घरी थांबलं असेल तर काय, विचार करा.

तसंच साखर तपासायची सुई. मशीन गटात एक असलं तरी सुई प्रत्येकीला नवी पाहिजे, रक्तातून कावीळ पसरते. आणि कुठल्याही उपकरणानं इजा झाली असं वाटलं तर आरोग्य केंद्रात सांगा. अशा तक्रारी गोळा करायला २०१५ पासून देशपातळीवर कार्यक्रम चालू आहे, गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत. आपण सांगितलं तरच त्यांना कळणार.

काकींचा गट काय करतोय

हे सगळं ऐकून बैठकीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग काकी म्हणाल्या, "म्हंजे ताई, सरकारनं आमास्नी सोडलं, पर अंगानं न्हाई सोडलं." मी दोन तास बोलत होते, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

गटानं ठरवलं ते असं. मशीन विकणाऱ्याला एकच गोष्ट मागायची. याच मशिनीवर दुसऱ्या गटानं बनवलेल्या पॅडचा प्रयोगशाळेचा अहवाल. फोन केला. तो म्हणाला, "बघून सांगतो." अजून बघतोय. तोवर कर्ज उचलायचं नाही. मधल्या काळात तपासलेले, मार्क असलेले पॅड आणून गावात विकायचे, म्हणजे मागणी किती ते कळेल. ८ मार्च २०१८ ला राज्यात अस्मिता योजना सुरू झाली, तेव्हाही गटांकडं विक्रीचंच काम दिलं होतं, आणि जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत मिळत होतं. विक्रीचा अनुभव वाया जात नाही. आयएसआय मार्क खरा की खोटा, हे मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर नंबर टाकून बघता येतं. गटातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला ते काम दिलंय.

काही जणी नाराज झाल्या. एक म्हणाली, "शेजारच्या गावानं सुरू केलं म्हंजे?" खरं आहे, तसं होऊ शकतं. दोन महिने मागं राहू. पण आपल्या पॅडची पहिली गिऱ्हाईक कोण असणार? आपलीच पोरगी, आपलीच सून, आपलीच आशाताई. दोनशे मास्कांनंतर मला तरी घाई करायचा धीर होत नाही.

तर पुढच्या बैठकीत एवढंच करा. गट काहीही बनवत असू दे, मास्क, पॅड, मलम, पट्टी. हे चार प्रश्न मोठ्यानं वाचा. कुठं लागते, बिघडली तर काय, तपासली कशी, परत मागवता येईल का. ज्या प्रश्नाला उत्तर येणार नाही, त्याच्यापुढं खूण करा आणि ती खूण पुसेपर्यंत माल बाहेर काढू नका. आणि कुणी एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला आणि तो आपल्याला माहीत नसला, तर "माहीत नाही, विचारून सांगते" असं म्हणा. मला ते म्हणायला दोनशे मास्क लागले. तुम्हाला लागू नयेत.

येते मैत्रिणींनो. भाकरी करपली नसेल अशी आशा करते. नमस्कार.